मेलेल्या कारखान्याचं कुंकू

त्या खंडेनवमीला सिल्वासाजवळ सायलीतल्या आमच्या कारखान्यात एक पाहुणा आला होता. घानाचा, थेट आफ्रिकेतून... आमचा धागा तिकडे जायचा. नव्वदीची सुरुवात असेल, नव्या कंपनीला टॅक्समध्ये सूट म्हणून सिल्वासात जिकडेतिकडे नव्या शेड उभ्या राहत होत्या.

मशीनची पूजा चालली होती. माझ्या शेजारच्या मशीनवर खानदेशातले, शिरपूरकडचे भिका आबा होते. ते फुलं समोर वाहायचे, पण कुंकवाचा अंगठा मात्र मशीनच्या पोटाखाली उमटवायचे. पुसणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही म्हणे! पाहुण्याला याची भारी मजा वाटली.

जेवताना त्याने त्यांच्याकडची एक गोष्ट सांगितली, सुपरवायझर ती हिंदीत करून सांगत होता. आठ पायांचा, जाळं विणणारा कोळी, त्यांच्या गोष्टींमधला पक्का लबाड. पीक तयार झाल्यावर त्याने मेल्याचं सोंग घेतलं... मेल्यावर मला शेतातच पुरा, असं आधीच सांगून ठेवलं. बायकोपोरं घरी रडतायत, उपाशी, आणि हा उठून एकटाच पीक खातोय! शेवटी पोरांनी शेतात चिकाने माखलेलं बुजगावणं उभं केलं, त्याला हा चिकटला आणि सापडला.

पाहुणा नुसता सांगत नव्हता, जमिनीवर आडवा होऊन मरून दाखवत होता. मधेच एक डोळा किलकिला करून बघायचा. आमची हसून हसून पुरेवाट झाली. मग त्याने विचारलं, तुमच्याकडे असा लबाड कोण? सगळे ओरडले, कोल्हा! सगळ्यात मोठ्याने आमचे शेठ.

पुढे दोन-तीन वर्षांनी याच शेठनी आम्हाला गेटवर जमवलं. कंपनी बुडाली म्हणाले आणि रडले... रुमाल काढून, हुंदके देऊन. आबांची सगळी उमेदीची वर्षं त्या मशीनवर गेली होती. तरी तेच पुढे झाले, शेठचा हात धरून म्हणाले, "रडू नका शेठ. व्हई जाई सगळं बरोबर."

त्यानंतरचे महिने असेच गेले. आबा आणि मी कामासाठी रोज या गेटवरून त्या गेटवर. दिवाळीनंतर पलीकडच्या प्लॉटवर नव्या नावाची कंपनी उघडली, मालक शेठचे मेहुणे. मला घेतलं... कॉन्ट्रॅक्टवर, नवशिक्या म्हणून. आबांना वॉचमनने वय जास्त म्हणून गेटवरच थांबवलं, "काका, तमारी उमर वधारे छे."

पहिल्याच आठवड्यात धागा अडकला म्हणून मी मशीनखाली वाकलो. वरून कोरा करकरीत हिरवा रंग... आणि पोटाखाली आबांचा अंगठा. कुंकू काळपट झालं होतं, एक अक्षतही चिकटलेली होती.

जुन्या कंपनीतला सुपरवायझरही इथेच आला होता. त्याला विचारलं, तर त्याने हळूच सांगितलं. जुन्या कंपनीची टॅक्सची सूट संपत आली होती. नवं नाव, नवी सूट, मशीन तीच. कायम झालेले कामगार तेवढे जुन्या नावाबरोबर गेले.

संध्याकाळी आबांच्या खोलीवर गेलो. ते गावी परत जायला ट्रंक भरत होते. सगळं सांगितलं. कपड्यांच्या घड्या घालतच त्यांनी ते ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे शेठ गेटवर रडना, ते..."

उठून त्यांनी ट्रंकेची कडी लावली. "कोठे बोलू नको भाऊ. तुनी नोकरी जाई."

आबा गेले ते गेलेच. पुन्हा भेट नाही.

त्या गोष्टीतल्या पोरांनी निदान बुजगावणं तरी उभं केलं. आम्हाला तेवढंही जमलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला शेठ आले, मेहुण्यांचे पाहुणे म्हणून. त्यांनी नारळ फोडला. मी खाली वाकून आबांच्या अंगठ्याशेजारी माझा अंगठा उमटवला. मग सगळ्यांबरोबर रांगेत उभा राहिलो, शेठच्या हातून पेढा घेतला... आणि थँक्यू शेठ म्हणालो.