मागाची मास्तरीण

स्वराज्य यायच्या आधी शहापुरात विधवांसाठी एक आश्रम होता. मी तिथे स्वयंपाकाला होते. मीही विधवाच. अध्यक्षीणबाई टिळकवाडीच्या, वकिलाची बायको. त्यांना सगळ्यांनी वहिनीसाहेब म्हणायचं. विधवांच्या उद्धारावर त्या फार छान बोलत. आणि दर चैत्रात आश्रमाच्याच पुढच्या खोलीत देणगीदारांच्या बायकांचं हळदीकुंकू करत. आम्ही पहाटे उठून कैरीची डाळ वाटायची, पन्हं करायचं आणि पाहुण्या आल्या की स्वयंपाकघरात जाऊन बसायचं. दाराला बाहेरून कडी. सवाष्णींना आमचं तोंड दिसू नये म्हणून.

त्याच पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग होता. खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि खालच्या पट्ट्या एकेका पायानं आळीपाळीनं दाबायच्या. विणकाम शिकवायला एक कोष्टीण होती. तिला मी आक्का म्हणे. नवरा गेल्यावर दिरानं तिचं घर, माग सगळं घशात घातलं होतं. आश्रमातली खोली सुटली तर तिला दुसरं छप्पर नव्हतं.

त्या वर्षी निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याची बायको आली. तिच्या लेकीच्या लग्नाचं लुगडं मागावर होतं.

"इणणारी कुठं हाय? बघू की जरा," ती म्हणाली.

विणणारी कडीच्या आत होती. वहिनीसाहेबांनी आपल्या सुनेलाच मागावर बसवलं. नाकात नथ, हातभर चुडा. आडवा धागा नेणारा धोटा जन्मात कधी धरलेला नाही.

आक्का दाराच्या फटीला डोळा लावून होती. "पाय सोड की गं भवाने, पाय!" ती दात खाऊन पुटपुटली.

सुनेनं दोन्ही पाय एकदम दाबले, धोटा अडकला, तो तिनं हिसडला. ताण्याचे उभे धागे तटातट तुटले.

"आमच्या मास्तरणीनं ताणा कच्चा लावलाय," वहिनीसाहेब हसून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. ते खुर्च्यांवर, आम्ही जमिनीवर. मी सांगितलं, ताणा चांगला होता, सूनबाईंनी तोडला.

"तू कुठं होतीस?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"सैपाकघरात. कडी लावलीती."

"मग तुला दिसलं कसं?"

"फटीतनं."

"फटीतनं!" सगळे हसले. आश्रमाच्या मेट्रनबाई धागे तुटले तेव्हा त्याच खोलीत कुंकू लावत होत्या, त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी मान खाली घातली. आक्काच्या खोलीवर त्यांचा कधीपासून डोळा होता.

आक्काला त्याच आठवड्यात काढलं. ती निपाणीला तंबाखूच्या वखारीत लागली. त्या धुळीनं तिची छाती गेली.

पुढच्या चैत्रात मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकून त्यावर गौर मांडली. आरास छान झाली, असं मी कडीच्या आतून ऐकलं. कुणीतरी विचारलं, "माग बंद का हो केला?"

"काय सांगू," वहिनीसाहेब म्हणाल्या, "या बायकांसाठी कितीही करा, एक टिकत नाही."