स्कोर पोचला का, ताई?

अमेरिकेतल्या कॉलेजांना पोरांचे प्रवेश परीक्षांचे स्कोर पाठवायचं काम मी गेली एकोणीस वर्षं करतेय. आमच्या या गुजराती शहरात, निजामपुऱ्यात पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. स्कोर एका क्लिकमध्ये जातो हो, पण त्याच्याबरोबर आलेली माणसं अशी थोडीच जातात! समोरच्या खुर्चीत बसून एकेक असं काही बोलून जातात, की संध्याकाळी स्कूटरवरून मांजलपूरला घरी परतताना मी एकटीच हसत असते. सिग्नलला लोक बघतात. बघेनात का!

आधी एक सांगून टाकते, फुशारकी म्हणा हवं तर. माझ्या टेबलावरून गेलेला एकही स्कोर आजवर हरवलेला नाही. एकही! "शुभाबेनच्या हातून गेला म्हणजे पोचला," असं आमचे बॉस हसमुखभाई प्रत्येक आईबापाला सांगतात. मी मान खाली घालून कामात असल्यासारखं दाखवते, पण ऐकते मात्र अगदी कान देऊन.

*

जीआरई या परीक्षेचं असं असतं, परीक्षेच्या दिवशीच कॉलेजं निवडली तर चार ठिकाणी स्कोर पैसे न भरता जातो. हे मी एका बाईंना समजावून सांगत होते. त्यांनी बोटांवर मोजलं.

"तीन कॉलेजांना पाठवा. चौथा आमच्या जाऊबाईंना पाठवता येईल का?"

"अहो, तो कॉलेजलाच जातो!"

"तोंडी सांगितलं तर विश्वासच ठेवत नाही हो ती. ऑफिशियल पाहिजे!"

*

सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले एक अप्पा. नातीच्या स्कोरसाठी आले ते स्कोरशीटच्या तीन झेरॉक्स प्रती घेऊन, प्रत्येकीवर गॅझेटेड ऑफिसरची सही आणि शिक्का. म्हटलं, "अप्पा, हल्ली सगळं ऑनलाइन जातं. सही लागत नाही."

"सहीशिवाय? मग तिकडचा हेडक्लार्क मानेल कसा?"

मी त्यांच्यासमोर नातीच्या लॉगिनमधून स्कोर पाठवला. त्यांनी प्रती पुन्हा पिशवीत घातल्या. चार दिवसांनी कॉलेजचा मेल आला, स्कोर मिळाला, खाली एक लांबलचक नंबर. तो दाखवल्यावर अप्पांची कळी खुलली.

"बघा! इनवर्ड नंबर पडला की नाही! म्हणजे हेडक्लार्क आहे!"

*

भावेश नावाच्या पोरानं घाईघाईत स्वतःच स्कोर पाठवला आणि यादीतलं सारख्या नावाचं दुसरंच कॉलेज निवडलं. तिकडून नम्र मेल आला, आपला स्कोर उत्तम आहे, परंतु आमचं कॉलेज फक्त मुलींसाठी आहे.

पोरगा लाजून चूर! त्याच्या पप्पांनी मात्र मेल दोनदा वाचला, प्रिंट काढायला लावली आणि मला म्हणाले, "बेन, स्कोर उत्तम छे, एम तो लख्युं छे ने?" उत्तम असं लिहिलंय तर खरं!

दुसऱ्या दिवशी ऑफिसभर पेढे. आणि हो, हाही स्कोर हरवला नव्हता. पोचलाच होता!

*

विजय मुहूर्त म्हणजे दुपारी बारा एकोणचाळीस. एका आईचा हट्ट, बटण तेव्हाच दाबायचं. अकरा वाजताच लॉगिन करून ठेवलं. बाई, मुलगा, हसमुखभाई, मी, सगळे स्क्रीनकडे बघत बसलो. कोणी माऊसला हात लावेना. बरोबर बारा एकोणचाळीसला मुलानं बटण दाबलं आणि स्क्रीनवर आलं, 'सेशन संपलं आहे, पुन्हा लॉगिन करा.'

इतका वेळ काहीच हललं नव्हतं ना! पासवर्ड शोधून, पुन्हा आत शिरून स्कोर गेला तेव्हा बारा चव्वेचाळीस झाले होते. बाईंचा चेहरा पडला. तेवढ्यात त्यांचं लक्ष आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. ते पाच मिनिटं मागे.

"जुओ, जुओ!" त्या घड्याळाकडे बोट दाखवत म्हणाल्या. "बारा एकोणचाळीस!"

मुलाला ॲडमिशन मिळाली. तेव्हापासून त्या घड्याळाला हात लावायची हसमुखभाईंची सक्त मनाई आहे.

*

आता मोहितेकाका. नागरवाड्यात राहतात, शाळेची व्हॅन चालवतात. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे खुर्चीतसुद्धा ताठ बसतात. मुलगी मीरा इंजिनियर झाली, जीआरईला असा स्कोर आणला की मीच उठून टाळ्या वाजवल्या. फेलोशिप मिळाली, म्हणजे खर्च कॉलेजनंच उचलला, तरच तिला जाता येणार होतं, आणि त्यासाठी स्कोर शुक्रवारपर्यंत पोचायलाच हवा होता.

आणि कॉलेजच्या पानावर मीराच्या नावापुढे लाल अक्षरांत, 'स्कोर मिळालेला नाही.'

मुलांना शाळेत सोडून काका रोज अकराला यायचे. "स्कोर पोचला का, ताई?" मी म्हणायची, "पोचेल हो, उद्या पोचेल." कॉलेजला दोन मेल टाकले होते. दोन्हींना एकच उत्तर, मीरा मोहिते नावाचा स्कोर आमच्याकडे नाही. माझं जेवणावरचं लक्ष उडालं.

मंगळवारी काका आले ते फोन पुढे करत.

"ताई, हसणार नसाल तर एक दाखवतो. हे अमेरिकेतून मला आलंय."

परीक्षेचं अकाउंट काकांच्या ईमेलवर उघडलं होतं. "बाबांच्या फोनवर पण काहीतरी येऊ दे," असं मीराच म्हणाली होती. मी मेल वाचला. 'प्रिय मोहिते सुनील, आपला स्कोर मिळाला. तो फारच चांगला आहे. आपला अर्ज मात्र आमच्याकडे दिसत नाही. आपण जरूर अर्ज करावा.'

"मी नववी नापास, ताई. यांना माझं कुठून कळलं?"

अकाउंट उघडून बघितलं. पहिल्या चौकटीत मोहिते, मधल्या चौकटीत मीरा, शेवटच्या चौकटीत सुनील. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. मी दाखला समोर ठेवून तसंच टाइप केलं होतं. तीन शब्द पासपोर्टवरचेच, म्हणून परीक्षेत कोणी अडवलं नाही. अमेरिकेनं मधलं नाव गाळलं आणि उरले ते मोहिते सुनील, म्हणजे आपले काका!

"काका, चूक माझी आहे," मी सरळ सांगून टाकलं. पासपोर्टची कॉपी जोडून तिथल्या तिथे कॉलेजला मेल केला, संध्याकाळी मीरानं फोनवरून तिथल्या लोकांना सगळं समजावलं. गुरुवारी सकाळी लाल अक्षरं हिरवी झाली.

"जोयुं? बघितलंत? शुभाबेनच्या हातून गेला म्हणजे पोचला!" हसमुखभाई ओरडले. मला रडूच आलं.

मार्चमध्ये मीराला फेलोशिपसकट ॲडमिशन मिळाली. काका लिलो चेवडो, म्हणजे इथला ओलसर चिवडा, घेऊन आले, सगळ्यांना वाटला. मग माझ्या टेबलाशी आले, खिशातून घडी घातलेला कागद काढला. तोच 'प्रिय मोहिते सुनील'वाला मेल, प्रिंट काढून लॅमिनेट करायला चालवलेला. खुर्चीत ताठ बसून म्हणाले,

"ताई, कॉलेजला तेवढं माझ्याकडून कळवून टाका. यंदा पोरीला घ्या म्हणावं. माझं पुढच्या वर्षी बघू!"