अण्णांची सोय लावणारा टॅब

अण्णांना वृद्धाश्रमात ठेवावं असं आमच्या घरात कुणाच्याही मनात आलं नव्हतं. ते पहिल्यांदा आलं अण्णांच्या टॅबच्या मनात.

अण्णा म्हणजे माझ्या आईचे वडील. चोपड्याच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, पण ते नुसतं कागदोपत्री! घरात त्यांची कचेरी अजून चालूच आहे. त्या हिवाळ्यात ते कॅनडात, रेजिनाला मामाकडे राहायला आले होते. मी मामाच्याच बेसमेंटमध्ये राहून कॉलेज करत होतो आणि त्या सेमिस्टरला 'बिग डेटा, प्रायव्हसी आणि सोशल मीडिया' असा विषय घेतला होता. (सोपा असतो, असं सीनियर्सनी सांगितलं होतं. सीनियर्सचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.) विषय घेतल्यापासून मी घरात फार गंभीर चेहऱ्याने वावरत असे. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर मामीची टिकली लावून ठेवली होती. मामी कुणाचा वाढदिवसाचा फोटो टाकायला लागली की मी मागून म्हणायचो, "टाक, टाक. डेटा फुकट आहे तुझा!" मामी म्हणायची, "आणि तुझं जेवण."

बाहेर उणे तीस. अण्णांना घरात करमावं म्हणून मामाने त्यांना टॅब आणला, आणि तो सुरू करून द्यायचं काम घरातला तज्ज्ञ म्हणून माझ्याकडे आलं. अण्णांचं अकाउंट उघडायला बसलो, तर ते पासवर्ड आधी मोठ्याने जाहीर करायचे, मग टाइप करायचे आणि मग विसरायचे. शेवटी कंटाळून मी माझ्याच अकाउंटने टॅब चालू करून दिला. घरचंच माणूस, वेगळं अकाउंट हवंय कशाला! आपल्यात एका अकाउंटवर अख्खं खानदान सिनेमे बघतं.

काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी अण्णांनी कीर्तन मध्येच थांबवलं आणि टॅब हातभर लांब धरून इंग्रजी मजकूर मोठ्याने मराठीत वाचला, "'तुमच्या वडिलांना सन्मानाचं आयुष्य द्या. चोवीस तास नर्स, गरम जेवण, प्रेमळ सोबत.' सुधीर, काय आहे हे?"

"जाहिरात आहे, अण्णा," मामा बूट घालता घालता म्हणाला. "स्किप करा."

"केली. परत आली."

"परत करा."

मामाने परत करायला सांगितली, म्हणून ती परत परत येत राहिली. कीर्तनाआधी आश्रम, कीर्तनानंतर आश्रम. बातम्या लावल्या तरी आश्रम. पांढऱ्या केसांचे एक गोरे गृहस्थ सूप पिता पिता अण्णांकडे बघून हसायचे. अण्णांना वाटायला लागलं, हा माणूस आपली वाट बघतोय.

अण्णांचं वागणं बदललं. ताट स्वतः विसळायला लागले. सकाळी उठून ब्लँकेटची अशी कडक घडी घालायचे, की जणू ते परत जमा करायचंय. शेवभाजी दुसऱ्यांदा घेईनात. एकदा तर मामीला म्हणाले, "सूनबाई, आपली हरकत नसेल तर अर्धा कप चहा घेईन म्हणतो." ज्या माणसाने आयुष्यात चहा मागितला नव्हता, फक्त 'चहा!' एवढंच म्हटलं होतं, त्याच्या तोंडी 'हरकत नसेल तर'! मामीच्या हातातली गाळणी तशीच राहिली. मला खरंच वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी मदत करायला जातो, ही माझी जुनी खोड.

"अण्णा, तुम्ही त्या जाहिरातीचं मनाला लावून घेऊ नका," मी त्यांच्याशेजारी बसून म्हणालो. "त्यामागे शास्त्र आहे. मशीन आपल्या मनाने काही दाखवत नाही."

"मग?"

"घरातलं कुणीतरी शोधतं, बघतं, विचारतं. ते सगळं मशीन लक्षात ठेवतं. त्यालाच बिग डेटा म्हणतात."

अण्णांनी चष्मा काढला. "म्हणजे घरातल्या कुणीतरी वृद्धाश्रम शोधलाय."

"हो! म्हणजे नाही! म्हणजे, थिअरीत हो."

एवढं बोलून मी क्लासला निघून गेलो. त्या दिवशी आम्हाला गोपनीयतेचं महत्त्व शिकवलं.

संध्याकाळी परतलो, तर जेवणाच्या टेबलावर मामीची पुरणाची परात ठेवलेली आणि टेबलाच्या टोकाला अण्णा. अंगात कोट.

"सगळ्यांनी आपापले फोन परातीत ठेवा," अण्णा म्हणाले. "पंचनामा आहे."

"अण्णा, हे प्रायव्हसीच्या विरुद्ध…" मी सुरुवात केली.

"तू पंच आहेस. वाचून दाखव."

मामाचा फोन आधी उघडला. त्यात 'टकलावर केस उगवतात का', 'टकलावर केस खरंच उगवतात का' आणि 'उगवले नाहीत तर पैसे परत मिळतात का' असे शोध निघाले. मामा छताकडे बघत बसला. मामी म्हणाली, "म्हणूनच उशीला कांद्याचा वास येतो!" वातावरण जरा हलकं झालंय असं मला वाटलं, म्हणून उत्साहाने मी मामीचा फोन उघडला आणि पहिलीच ओळ खणखणीत आवाजात वाचली: "'सासरे कॅनडात जास्तीत जास्त किती दिवस राहू शकतात?'"

खालच्या मजल्यावर घर गरम ठेवणारी फर्नेस घरघरायला लागली ती वरपर्यंत ऐकू आली.

"अण्णा, मी मुदत वाढवायला बघत होते!" मामीचा आवाज चिरकला. "उन्हाळ्यापर्यंत राहिलात तर तुम्हाला तलाव दाखवता येईल म्हणून!"

"समजलं, सूनबाई," अण्णा म्हणाले. एखाद्या खेडुताला 'उद्या या' म्हणताना कचेरीत लागत असेल, तसा आवाज होता तो. मामी उठून आत गेली. तिला रडताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं, आणि जे वाचून दाखवल्यामुळे ती रडत होती ते वाचणारा मी होतो. (टिकली लावायची होती ती माझ्या तोंडाला.)

झोपण्यापूर्वी अण्णांनी स्टेटस ठेवलं. मावळता सूर्य, वाळकं झाड आणि खाली ओळ: 'झाड वठलं की फांद्यांनाच ओझं होतं.' तोपर्यंत भारतात सकाळ झाली होती आणि खानदेशातले सगळे नातेवाईक चहा पीत फोन बघत होते. फॅमिली ग्रुपवर ज्या माणसांनी वर्षभर 'शुभ प्रभात'शिवाय शब्द टाकला नव्हता, ती मामाच्या संस्कारांवर लिहायला लागली. एकाने विचारलं, 'वठलेलं झाड रेजिनाचं की चोपड्याचं?' त्याला ग्रुपमधून काढण्यात आलं.

मला आईचा फोन. "तुझ्या डोळ्यांदेखत अण्णांना आश्रमात टाकतायत आणि तू तिथे बसून काय शिकतोयस?"

"हेच शिकतोय, आई."

"म्हणजे तूसुद्धा सामील आहेस!"

पुढचे दोन दिवस मामी अण्णांपुढे ताट ठेवायची आणि खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत उभी राहायची. शनिवारी अण्णांची बॅग दारात आली. "तिकीट अलीकडचं करून दे, सुधीर. मला कुणावर राग नाही." राग असता तर परवडला असता. मामा रात्रभर झोपला नसावा, कारण रविवारी सकाळी त्याने गाडी गोठू नये म्हणून रात्री लावलेला हीटरचा प्लग काढला आणि आत येऊन जाहीर केलं, "अण्णा, कोट घाला. जाहिरातीत पत्ता आहे ना? आपण तिथेच जाऊ. आमच्यापैकी कुणी तिथे कधी पाय ठेवला असेल तर त्यांनाच विचारा. कुणी ओळखलं, तर मी तुमचा मुलगा नाही!"

"मंजूर," अण्णा म्हणाले. साक्षीदार तपासायचा म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तरतरी आली.

इथे एक सांगायला हवं. इतक्या दिवसांत ती जाहिरात मी एकदाही पाहिली नव्हती. थिअरी पक्की असलेल्या माणसाने प्रत्यक्ष बघायची काय गरज! त्यामुळे गाडी माझ्या कॉलेजच्या रस्त्याला लागली तेव्हा मी गाफील होतो. माझ्या बसस्टॉपसमोर थांबली, तेव्हा जरा गोंधळलो. मामा समोरच्या विटकरी इमारतीच्या दारात शिरला, तेव्हा मी टोपी कपाळावर ओढून घेतली.

आत काउंटरवरच्या बाईंनी मामाकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. तिघांपैकी कुणालाच ओळखलं नाही. मामाचा चेहरा उजळला. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"हाय निक! संडेला पण क्लास? कॉफी तुझ्या नेहमीच्या जागी आहे, डिअर."

सोफ्यावरून एक आजीबाई हात हलवून म्हणाल्या, "निक! बुधवारी बिंगो खेळायला येतोयस ना?"

तिघांनी माझ्याकडे, म्हणजे निककडे, पाहिलं. मी खुलासा करायला लागलो, आणि जसजसा करत गेलो तसतसा तो मलाच समजत गेला. बस नेहमी उशिरा येते. बाहेर उणे तीस. ही लॉबी गरम. लॉबीत कॉफी फुकट, वाय-फायही फुकट. फक्त त्यासाठी त्यांचं पेज लाईक करायचं आणि रोज 'मी इथे आहे' असं चेक-इन करायचं. मी रोज करायचो. दोन्ही वेळा. एकदा तर पाच स्टार देऊन लिहिलं होतं, 'अशी शांतता घरी मिळत नाही.' आणि अण्णांच्या टॅबवर अकाउंट होतं माझं.

"म्हणजे," अण्णा सावकाश म्हणाले, "हे यंत्र मला आश्रमात पाठवत नव्हतं."

"नाही, अण्णा."

"तुला पाठवत होतं."

मामी हसायला लागली. आधी हळू, मग भिंतीला धरून. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि अण्णांनी तिथे, त्या परक्या लॉबीत, कोटाच्या खिशातला घडीचा रुमाल काढून तिच्यापुढे धरला. "सूनबाई, मी कचेरीत इतके जबाब वाचले, पण तुमचा उलटा वाचला. चुकलो. ती मुदत वाढवता येत असेल, तर वाढवा."

"वाढवतेच," मामी रुमालात नाक शिंकरत म्हणाली. आमच्या घरात अण्णांनी कुणाला 'चुकलो' म्हटल्याची ही पहिलीच नोंद असावी. मामा काचेतून रस्त्यावरचा बर्फ उपसत जाणारी गाडी बघत राहिला.

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते टॅबवरून माझं अकाउंट काढून टाकायचं. अण्णांना त्यांचं स्वतःचं काढून दिलं. मुदत वाढली. दिवाणखान्यातल्या सोफाबेडवर अण्णांचे पाय बाहेर येतात, रात्री थंडी वाजते आणि बेसमेंटमधला माझा पलंग मात्र ऐसपैस आहे, अशी चर्चा एकदोनदा कानावर आली; पण माझे परीक्षेचे दिवस होते, मी लक्ष दिलं नाही.

मग एकदा चहा घ्यायला वर आलो, तर अण्णांच्या टॅबवर नवीन जाहिराती. 'विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र खोली.' खाली आणखी एक. त्याखाली आणखी.

माझं अकाउंट तर मीच काढलं होतं! मी मामाकडे पाहिलं. "मी नाही रे बाबा," मामा म्हणाला. मी मामीकडे पाहिलं. "अय्या, मी कशाला शोधू?" म्हणून तिने कढईवरचा पंखा सुरू केला. मी दोघांना टर्म्स, कुकीज, लोकेशन सगळं समजावून सांगितलं, कुणीतरी घरातल्यानेच शोधल्याशिवाय हे दिसणार नाही असं ठणकावून सांगितलं, आणि दोघांचेही फोन तपासायला मागितले.

"त्यांना कशाला छळतोस?" अण्णांनी टॅब माझ्यापुढे सरकवला आणि बोटाने एका खोलीचा फोटो मोठा केला. "ही बघ. उजेड आहे, लाँड्री फुकट आहे. एक तारखेपासून रिकामी होतेय, मी विचारून ठेवलंय."