आईचं वाक्य

"हे कुठून उचललंस?"

सरांनी माझं कांदा निवडणाऱ्या बायकांवरचं प्रोजेक्ट टेबलावर आपटलं. स्टाफरूममध्ये चार प्राध्यापक चहा पीत होते. सगळे बघायला लागले.

"सर, मीच लिहिलंय."

"तुझी आई एपीएमसी मार्केटात कांदे निवडते ना? मग ही समज तुला कुठून आली?"

कुणीतरी हसलं. मी मान खाली घातली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वाशीच्या कॉलेजात बीएच्या शेवटच्या वर्षाला होते मी. सरांनी प्रोजेक्ट ड्रॉवरमध्ये टाकलं, कुलूप लावलं. मार्कांचं विचारलं तर म्हणाले, "बघू."

दोन महिने तेच. बघू.

मग कॉलेजात परिसंवाद झाला. मला पाहुण्यांना पाणी द्यायला उभं केलं होतं. सर कांदा निवडणाऱ्या बायकांवरचा निबंध वाचत होते. "हात कितीबी धुवा, लेकरू घास थुकतंय. माझ्या पाहणीत एका स्त्रीने मला हे सांगितलं."

सरांनी मार्केटच्या गाळ्यात कधी पाय ठेवला नव्हता.

"सर, ते माझ्या आईचं वाक्य आहे."

मी बोलून गेले. सर पान उलटून पुढे वाचत राहिले.

संध्याकाळी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. माझं प्रोजेक्ट माझ्यापुढे सरकवलं.

"दाखव. आईचं नाव कुठाय यात? नाही ना? मग ते कुणाचंच नाही. आणि तुझं वर्ष अजून माझ्या हातात आहे."

नाव खरंच नव्हतं. मी लिहिलं होतं, 'एक कामगार महिला'. वर्गातल्या मुलींना कळू नये म्हणून. चोरी सरांनी केली. पण आईचं नाव आधी मीच पुसलं होतं.

प्रोजेक्ट उचलून घरी आले, आईला विचारलं, "तुझं नाव घालू?"

आई घाबरली. "मुकादमाला कळलं तर गाळ्यात घ्यायचा न्हाय." मग माझ्यापुढे येऊन बसली. "पर ते बोललेली तर मीच हाय. घाल."

प्रोजेक्टात ज्यांची वाक्यं होती, त्या बाकीच्या दहाजणींना एकेक करून विचारलं. सहाजणी हो म्हणाल्या. चौघी नको म्हणाल्या, तिथे 'नाव न देण्याची त्यांची इच्छा' असं स्पष्ट लिहिलं. खाली कार्बन घालून सगळं पुन्हा उतरवलं. कोणतं वाक्य कुणाचं. कोणती माहिती कुठल्या पुस्तकातली, कुठल्या पानावरची. एक प्रत सरांना दिली, एक प्राचार्यांना. दोघांकडून पोच घेतली.

"पस्तावशील," सर म्हणाले.

नापास केलं. वर्ष गेलं. नाव कानावर गेल्यावर मुकादमाने आईला आठवडाभर गाळ्याबाहेर बसवलं. सरांचा निबंध छापून आला. त्यांच्याच नावाने.

आता मी शिकवते. मुलं म्हणतात, "मॅडम, एका ओळीसाठी एवढं कशाला?" ज्या कागदावर ओळीचा मालक लिहिलेला नाही, तो मी परत करते. मग तो कुणाच्याही पोराचा असो.

आणि तो निबंध छापणाऱ्यांना दरवर्षी पत्र पाठवते. सोबत त्या सातजणींची नावं. उत्तर येत नाही. माझी पत्रंच येऊ नयेत असं त्यांना वाटत असणार.

मी पाठवत राहणार.