शाहूपुरीच्या इमामबीला दोनच सायकली

शाहूपुरीत इमामबीच्या कांडप गिरणीत नवखा माणूस शिरला, की आधी शिंकायचा, मग डोळे पुसायचा आणि मग काय काम होतं ते सांगायचा. इमामबी स्वतः मात्र सव्वीस वर्षांत मिरचीनं एकदाही शिंकली नव्हती. नवरा गौस हा घड्याळं दुरुस्त करणारा, हलक्या हाताचा आणि त्याहून हलक्या आवाजाचा माणूस. तो जेवणाचा डबा घेऊन गिरणीच्या उंबऱ्यापर्यंत यायचा, श्वास रोखून डबा आत सरकवायचा आणि माघारी पळायचा. गिरणी तिनं एकटीनं चालवली. कुणाची मिरची ब्याडगी, कुणाची जवारी, कुणाला खोबरं जास्त लागतं, कुणाच्या घरात लसूण चालत नाही, सगळं तोंडपाठ. आपल्या डंकावर, म्हणजे कांडपाच्या यंत्रावर, कुटलेल्या चटणीत रंग नसतो हे ती कुणी न विचारताच सांगायची. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसंच तीही पुरुषासारखं बोलायची, "मी सांगतो तुम्हाला, मी आजवर रंग घातला न्हाय."

अशा बाईला खाज सुटली तर संशय कुणावर जाणार? मिरचीवरच गेला.

थंडीपासून तिचं अंग खाजत होतं. पुरळ नाही, डाग नाही, नुसती खाज. गौसनं खोबरेल आणलं, शेजारणीनं कडुलिंबाचा पाला आणला, तीन साबण बदलून झाले. गिरणीतली बाई खाजवणार नाही तर कोण खाजवणार, यावर गल्लीचं एकमत होतं. मग मार्चमध्ये, ऐन चटणीच्या दिवसांत, वडणग्याची तानाबाई वर्षाची दहा किलो मिरची घेऊन आली. तानाबाईच्या गोठ्यात सहा म्हशी. नंबर लागेपर्यंत ती इमामबीसमोर बसून राहिली, एकटक तिच्या गळ्याकडं बघत. मग उठली आणि न विचारता दोन बोटांनी गळा दाबला.

"हितं गाठ हाय तुझ्या."

"असू दे की."

"दुखती काय?"

"न्हाय."

"मग वाईट. आमच्या एका म्हशीला दुखरी गाठ आलती, ती आठ दिवसांत फुटून बरी झाली. दुसरीची दुखत नव्हती, ती डॉक्टरनं कापून तपासाय न्हेली."

"मी काय म्हैस हाय व्हय?"

"म्हैस असतीस तर आत्तापातूर डॉक्टरला दाखवलं असतं," तानाबाई म्हणाली आणि मिरची मोजायला घातली.

गाठ काढून तपासायला पाठवली. दहा दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टर पूर्णिमा वयानं लहान, पण शांतपणे बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सांगितलं, हा हॉजकिन्स लिम्फोमा, गाठींचा कॅन्सर. गौसला ते नाव एखाद्या परदेशी घड्याळाचं वाटलं. त्यानं वही काढून ते लिहून घेतलं, तेवढाच हाताला उद्योग. इमामबी खुर्चीत ताठ बसली होती.

"मी मरतो काय?" तिनं विचारलं.

"नाही. या आजारात बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात. तुमचा लवकर सापडलाय."

"मग चटणीचा सीझन संपू दे. जूनमधी सुरू करूया."

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. आधी पेट स्कॅन होणार होता, आणि त्यावरून घरात वेगळाच घोळ झाला. दखनी बोलणाऱ्या घरात पेट म्हणजे पोट. गाठ गळ्याला असताना पोट कशाला तपासतात, हे गौसला चार दिवस कळेना. शेवटी त्यानं दबक्या आवाजात डॉक्टरांना विचारलं. हे मशीनचं नाव आहे, त्यात सगळं अंग बघतात, असं कळल्यावर तो स्वतःशीच हसला. आठवडाभरात तेवढंच हसू.

स्कॅन बघून डॉक्टरांनी सगळं समजावलं. गाठी दोनच ठिकाणी, गळ्याला आणि काखेत. छातीत मोठी गाठ नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही, रक्तातला ईएसआर कमी. म्हणून इमामबी कमी धोक्याच्या गटात. दोन सायकली केमोथेरपी, म्हणजे पंधरा दिवसांच्या अंतरानं चार सलाईन, आणि मग दहा दिवस थोडं रेडिएशन.

"एवढंच?" इमामबी म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता.

तीच गोष्ट इचलकरंजीला तिच्या भावानं, उजैरनं ऐकली, आणि तो दुसऱ्याच दिवशी येऊन थडकला. उजैर यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. दिवसरात्र मागांच्या खडखडाटात राहून तो साधं बोलला तरी भांडल्यासारखं वाटायचं. त्याच्या शेजारच्या माणसाला आठ सायकली दिल्या होत्या. तानाबाईच्या जावेला सहा. आणि आपल्या सख्ख्या बहिणीला दोन?

"डॉक्टर, पैशाचं बघतो आम्ही," तो म्हणाला. बाहेरच्या बाकावरचे पेशंटही ऐकू लागले. "तुम्ही पुरं आठ द्या. हातचं राखू नका."

डॉक्टर पूर्णिमांनी त्याला बसवलं. "पूर्वी सगळ्यांनाच भरपूर द्यायचे. आजार बरा व्हायचा. पण पंधरा-वीस वर्षांनी त्याच औषधानं आणि रेडिएशननं कुणाचं हृदय बिघडायचं, कुणाचं फुप्फुस, कुणाला दुसराच कॅन्सर व्हायचा. मग लोकांनी अभ्यास करून बघितलं, की कमी धोका असलेल्याला कमी दिलं तरी तेवढाच गुण येतो. ज्याला जास्त लागतं त्याला आम्ही जास्त देतो. आपण नाही का, भाजी बघून बेतानं तिखट घालतो?"

"बेतानं कोण घालतंय कोल्हापुरात?" इमामबी म्हणाली.

डॉक्टर हसल्या. उजैर मात्र हसला नाही. दोनाच्या निदान तीन तरी होतात का, हे त्यानं जिन्यातून खाली उतरल्यावर परत वर येऊन विचारलं.

पहिल्या दिवशी नर्सनं सलाईनला लालभडक औषध लावलं. इमामबीनं मान वळवून ते बाटलीपासून नळीपर्यंत न्याहाळलं.

"ह्यात रंग घातलाय?"

"नाही हो मावशी, औषधच लाल आहे."

"सगळे असंच सांगतात," इमामबी म्हणाली आणि डोळे मिटले. घरी आल्यावर लघवीही लाल झाली, तेव्हा रंग घातलाच आहे अशी तिची खात्री पटली. ते औषधानंच होतं, घाबरू नका, असं नर्सनं दोनदा सांगितलेलं असूनही.

दुसरा दणका याहून मोठा होता. एका औषधानं फुप्फुसाला त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी तिला मिरचीच्या धुरळ्यात जायला बंदी केली. गिरणीत गिऱ्हाइकांची रांग लागलेली. मग गौस गेला. तोंडाला दोन रुमाल, त्यावर घड्याळजीचा चष्मा. पहिल्या दिवशी तो मोजून एकतीस वेळा शिंकला. बायका मिरची विसरून त्याच्याकडंच बघत राहिल्या. घरी पलंगावर पडलेली इमामबी फोन कानाला लावून डंकाचा आवाज ऐकायची.

"खोबरं आत्ता घातलंसा?"

"व्हय."

"लवकर घातलंसा. तेल सुटतंय, आवाज जड झालाय. थांबवा."

गौस थांबवायचा. मे महिना संपेपर्यंत त्याच्या शिंका दिवसाला चारवर आल्या, आणि कुणाच्या मिरचीत देठ राहिलेत हे तो बघता बघता सांगू लागला. याचं कौतुक इमामबीनं त्याच्यासमोर कधी केलं नाही. नर्सला मात्र सगळं सांगितलं.

मळमळ झाली, केस गेले, तोंडात फोड आले. केसांचं तिला फारसं वाटलं नाही, ओढणी असायचीच. पण तोंड आल्यावर तिखट बंद झालं आणि तिच्यासमोर दहीभात आला. त्या ताटाकडं ती बराच वेळ बघत बसली. "ह्यापरास सलाईन बरं," म्हणाली, आणि खाल्लं.

जूनमध्ये रेडिएशन सुरू झालं. मान हलू नये म्हणून तिच्या चेहऱ्याचा जाळीदार प्लास्टिकचा साचा केला होता. तो रोज चेहऱ्यावर घालून टेबलाला आवळायचे. तिथं हलता येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. काही मिनिटांचंच काम, पण लग्न झाल्यापासून इमामबी इतका वेळ गप्प राहिली नव्हती, असं गौस म्हणाला. दहा दिवस झाले आणि उपचार संपले. घसा महिनाभर जळजळला. खाज तर पहिल्या सलाईननंतरच गेली होती, आणि इतके दिवस मिरचीला उगाच बोल लावला म्हणून इमामबीला वाईट वाटलं. सप्टेंबरअखेर शेवटचा स्कॅन झाला. तो स्वच्छ आला.

डॉक्टरांनी आता दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं आणि मास्क लावून थोडा वेळ गिरणीत बसायला परवानगी दिली. थोडा वेळ म्हणजे किती, हे इमामबीनं विचारलं नाही.

तिकडं इचलकरंजीला वेगळाच हिशोब चालला होता. कॅन्सर म्हणजे वर्षभर तरी चालणार, तेव्हा दिवाळीत माग बंद झाले की सगळे मिळून जाऊ, असं पाहुण्यांनी एप्रिलमध्येच ठरवलं होतं. त्याप्रमाणे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून अकरा जण आले. शहाळी, सफरचंदं, दोन डझन मोसंबी आणि सगळ्यांत पुढं बिलकीस खाला, इमामबीच्या आईची धाकटी बहीण, वय ऐंशी. गौसनं दारातून बघितलं आणि गिरणीत फोन लावला.

"पावणं आल्यात, तुला बघाय. खाला हाय."

"मग बसवा की. मी डंकावर हाय."

"अगं, खाला टेम्पोतनं आलीया. आजारी माणूस बघाय. तू गिरणीत हाईस म्हणून कसं सांगू?"

इमामबी मागच्या गल्लीतून घरी आली, मिरचीचे हात धुतले, पलंगावर पडली आणि गळ्यापर्यंत चादर ओढून घेतली. पाहुणे आत आले. तिनं आवाज बारीक केला. डोक्यावर बोटभर केस आलेले बघून बायकांना बरं वाटलं, आजार खरा होता. उजैरला सगळं ठाऊक होतं, तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

खाला पलंगावर बसली. तिनं इमामबीच्या गळ्यावर, जिथं गाठ होती आणि आता बारीक वण होता तिथं, हात ठेवला. "तुझी आई असती तर," एवढंच म्हणाली आणि रडू लागली.

त्यासरशी इमामबीलाही रडू फुटलं. रिपोर्ट आला तेव्हा ती रडली नव्हती. सलाईनच्या वेळी नाही, साच्याखालीही नाही. आता हुंदके देऊन रडली, चादरीत तोंड खुपसून. गौस चष्मा पुसत होता.

मग ती उठून बसली आणि नाक पुसलं.

"झालंय, खाला. मी बरी झालोय," ती म्हणाली. "स्कॅन साफ आलाय. तुम्ही रडू नका." आणि स्वयंपाकघराकडं बघून गौसला म्हणाली, "अवो, मटण आणा. अकरा माणसं हाईत, दोन किलो तरी लागंल. कमी आणू नका."