हौसेचं घड्याळ आणि न हलणारा हात

आमच्या घरात वेळ दाखवणाऱ्या वस्तूंची माझ्याकडे यादी आहे. तिच्यात मायक्रोवेव्हसुद्धा आहे. त्यामुळे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी "मला एक चांगलं घड्याळ घ्यायचंय" म्हटलं, तेव्हा मी शांतपणे विचारलं, "कुणासाठी?"

"माझ्यासाठी! स्विस. ऑटोमॅटिक. आयुष्यभराची हौस आहे गं!"

मी लगेच कागदावर उभी रेघ मारली. एका बाजूला घड्याळ, दुसऱ्या बाजूला त्याच पैशांत काय येईल ते : नवा फ्रीज, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, माझे गुडघे. (गुडघे फक्त तपासण्यापुरते.)

"आणि दाखवणार काय, वेळच ना?"

"अगं, ह्याला सेल घालावाच लागत नाही!"

सेलचा खर्च वाचणार म्हटल्यावर मी विरघळले!

घड्याळ आलं आणि ह्यांचा डावा हातही निवृत्त झाला. भाजीची पिशवी धरा म्हटलं, तर "घड्याळ आहे हातात!" सिलिंडर सरकवा, तर "अगं, घड्याळ!" दिवसभर तो हात उशीवर ठेवून हे टीव्हीसमोर. जणू प्लास्टरच घातलंय!

मग आला इगतपुरीचा साखरपुडा. माझ्या नणंदेच्या मुलीचा.

"निघायचं ना? भिंतीवर साडेदहा झालेत," मी म्हणाले.

"ते स्वस्तातलं घड्याळ आहे. माझ्यात पावणेदहाच झालेत. चहा टाक."

एवढे पैसे मोजलेत तर महागड्यावरच विश्वास ठेवावा, हा हिशेब माझाच. चहा झाला, मी साडी बदलून आले, तरी पावणेदहाच! भारी घड्याळात वेळसुद्धा भरपूर मिळतो, असं मला वाटलं. (खरंच वाटलं!)

इगतपुरीला नणंद दारातच उभी. "या वहिनी. आइस्क्रीम उरलंय थोडं." मामाच्या जागी शेजारचे काका उभे करून फोटोही उरकले होते.

"सोमवारी हे परत!" मी जाहीर केलं. ह्यांचा चेहरा बघवत नव्हता.

सोमवारी कॉलेज रोडच्या दुकानात मी घड्याळ हातात नाचवत सुरुवात केली. "स्विस म्हणे! फ्रीज आला असता! साखरपुडा बुडाला आमचा!"

"काकू, जरा थांबा," दुकानदार म्हणाला. "सुरू झालं बघा."

खरंच काटा पळत होता.

"हे हाताच्या हालचालीवर चालतं, हात हलला की आपोआप चावी भरते. काका हात हलवतात ना?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते.

"तुम्ही बोलताना बरंच भरलं, काकू. अजून थोडं बोला, पूर्ण भरेल!"

परत करायचं बारगळलं. आता पोळ्या लाटताना, झाडताना, पुसताना ते माझ्या हातात असतं. काढून उलटं धरलं की मागच्या काचेतून त्याची इवलीशी चाकं दिसतात हो! पोळ्या करपल्या बघता बघता.

"भरलं का गं?" हे रोज विचारतात.

"छे, अजून थोडं!"

परवा मात्र मला ह्यांची दया आली. मी ह्यांना नवं घड्याळ आणलं. सेलवालं, एकदम स्वस्त. दाखवणार काय, वेळच ना?