कायमचं छप्पर

बोटाचं पेर वाकवून काकू कुठल्याही वस्तूवर टकटक करायच्या आणि कान तिरका करून म्हणायच्या, "थांबा, आवाज ऐका आधी." नारळ, माठ, भिंतीचा गिलावा, कुणाचं नवं दार, काही म्हणून सुटायचं नाही. अशी एखादी काकू तुमच्याही शेजारी असेल. पण आमच्या काकूंसारखी अडून बसणारी नसेल, हे मी पैजेवर सांगतो.

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये त्या तळमजल्यावर एकट्या राहायच्या. मागच्या पट्टीत अळू, गवती चहा, जास्वंद लावलेली. सत्तरीत त्यांनी तिथे अवजारांसाठी विटांची खोपटी बांधली. चार भिंती झाल्या आणि छपरावर गाडी अडली.

मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे शिव्या खायला नेमलेला माणूस. बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं होतं. मी शहाणपणा केला. "काकू, निळं प्लास्टिक टाका की. तात्पुरतं."

त्यांनी विळा खाली ठेवला. "सेक्रेटरी, तो शब्द माझ्या बागेत नको."

एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यात त्या बावीस वर्षं पॅकिंगला होत्या, आणि बावीस वर्षं टेंपरवारी. कायम करावं लागू नये म्हणून दर सहा-सात महिन्यांनी आठ दिवस घरी बसवायचे, मग पुन्हा नवं कार्ड. "शेवटच्या दिवशी माझी नोकरी किती? पाच महिने!" असं सांगून त्या खदखदून हसायच्या. मला ते हसू ऐकवत नसे. अजूनही आठवलं की राग येतो.

उल्हासनगरच्या दुकानात मीच त्यांना घेऊन गेलो. सेठ म्हणाला, "आंटी, फायबर ले जाओ. पाँच साल देखना नहीं पड़ेगा."

"और छठे साल?"

सेठने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

लोखंडी पत्रा त्यांनी हातानेच बाजूला सारला. इथली हवा पत्रा खाते, कारखान्यात चाळण झालेले पत्रे त्यांनी पाहिले होते. सिमेंटचा एकदा तडकला की अख्खा फेकायचा. "मला कौलं हवीत. फुटलं तर तेवढंच बदलायचं. उतरवलं तर दुसरीकडे चढतं."

बदलापूरजवळच्या गावात एक जुनं घर मोडत होतं. तिथली मंगलोरी कौलं काकूंनी एकेक वाजवून निवडली. खणखणीत ते आपलं, बद्द वाजलं की बाजूला. दुपार कलली तसा घरधनी कंटाळला. "काकी, कौलं घेतेस का भजन करतेस?"

"दोन्ही," काकू म्हणाल्या.

पुढच्या सभेत एकजण खेकसला, "बिल्डिंग पडणार आणि यांना कौलं कशाला?"

काकू उठल्या. "पाडायला मी सही दिलीय. खुशाल पाडा. पण उभी आहे तोवर माझं छप्पर कायमचंच असणार." त्याच रविवारी मी शिडीवर चढलो आणि त्या खालून कौलं देत राहिल्या.

दोन पावसाळे त्या छपरातून थेंब गळला नाही. तिसरा काकूंनी पाहिला नाही. नवी बिल्डिंगही आता त्या पाहणार नाहीत.

पाडापाडीच्या आदल्या दिवशी मी कौलं उतरवली. त्यांच्या भाच्याला विचारलं होतं, तो म्हणाला, न्या. टेम्पोत भाताचा पेंढा घालून ती बदलापूरला आणली, जिथे आम्ही सध्या भाड्याने राहतो. मागच्या अंगणातल्या छोट्या आडोशावर कौलांसाठी लाकडी रिपा ठोकत होतो, तर घरमालक आला.

"अहो, अकरा महिन्यांचा करार तुमचा. एवढा खटाटोप कशाला? प्लास्टिक टाका, तात्पुरतं."

मी हातातलं कौल त्याच्या कानाशी नेलं आणि पेराने वाजवलं.

"थांबा," म्हणालो, "आवाज ऐका आधी." आणि ते चढवलं.